मुका चुंबक

विद्यापीठाच्या अनुनाद प्रयोगशाळेत आता कुणी रांग लावत नसे. भिंतीतल्या खिडकीत नमुन्याची काचनळी ठेवायची, यंत्रहात ती आत ओढून घेई आणि कपातला चहा संपायच्या आत निकाल फोनवर येई. पूर्वी याच कामासाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागे. नमुने तपासणारा चुंबक ज्या दालनात होता, तिथे मात्र आता संशोधकांनाही प्रवेश नव्हता. कारण सुरक्षेचं सांगितलं जाई.

डॉ. सुनेत्रा गोंधळेकर औषधांची शुद्धता तपासत. प्रबळ चुंबकात ठेवलेल्या द्रवातले अणू रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. त्या प्रतिसादाचा आलेख, म्हणजे वर्णपट, पाहिला की द्रवात काय काय मिसळलंय ते कळतं. जिल्हा रुग्णालयाचं खोकल्याचं औषध त्यांनी असंच तपासून निर्दोष ठरवलं होतं. आणि तेच औषध घेतलेल्या दोन मुलांची लघवी बंद झाली होती.

"मॅडम, अहवालात काही चूक तर नाही ना?" रुग्णालयातून डॉ. पठारेंनी फोनवर विचारलं.

सुनेत्राताईंनी वर्णपट पुन्हा काढून पाहिला. स्वच्छ होता. जरा जास्तच स्वच्छ. त्यांनी त्याच बाटलीतून दुसरी नळी भरली, तीत मुद्दाम विषारी ग्लायकॉलचे थेंब टाकले, आणि नाव तेच देऊन ती खिडकीत ठेवली.

निकाल आला: निर्दोष.

आत कुणीतरी नळ्या बदलतंय, हा त्यांचा पहिला संशय. दालनात जायची परवानगी एकट्या प्रयोगशाळाप्रमुख प्रा. टिळेकरांना होती, आणि हल्ली सुनेत्राताई दिसल्या की ते बोलता बोलता वाट बदलत. सुनेत्राताईंनी त्यांच्याकडे दोनदा आत जायची परवानगी मागितली. दोन्ही वेळा उत्तर एकच, "कशाला त्रास घेता? निकाल मिळतोय ना?"

गुरुवारी दुपारी इमारतीत आगीचा सराव झाला. भोंगा वाजला, सगळी कुलुपं आपोआप उघडली. माणसं जिना उतरू लागली तेव्हा सुनेत्राताई उलट्या दिशेने निघाल्या.

दालनात चुंबकाची उंच टाकी उभी होती. तिच्या पायाशी नळ्यांचे खोके रचलेले होते, एकही नळी उघडलेली नव्हती. त्यांनी केसांतला लोखंडी आकडा काढून दोऱ्याला बांधला आणि दुरूनच तो टाकीकडे धरला. एवढ्या चुंबकाने तो दोऱ्यासकट आडवा ओढायला हवा होता. आकडा सरळ लोंबत राहिला. त्या एकेक पाऊल पुढे सरकल्या. शेवटी आकडा टाकीला टेकला, आणि तरीही चिकटला नाही.

"बाहेर या, सुनेत्राताई." दारात टिळेकर उभे होते.

"कधीपासून बंद आहे?"

"दिवाळीच्या आधीपासून. चुंबक गार ठेवायला हेलियम लागतो. जगात कुणालाच मिळत नाहीये, तर आपल्याला कुठून मिळणार?"

"मग हे वर्णपट?"

"संगणक काढतो. नमुन्याचं नाव कळलं की तो कसा दिसेल याचा अंदाज बांधतो. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर येतो. प्रयोगशाळेला टाळं लागलं असतं. तुमचे विद्यार्थी कुठे गेले असते?"

"उरलेल्या दोन वेळा कुणी औषध प्यायलं, सर?"



सुनेत्राताईंनी तिथूनच पठारेंना फोन लावला. "ते औषध आत्ताच्या आत्ता थांबवा. माझी सही असलेला अहवाल खोटा आहे. ते कधी तपासलंच गेलं नव्हतं."

औषध थांबलं. एक मूल सावरू लागलं, दुसऱ्याचं डायलिसिस चालू होतं. बाटलीत खरंच काय आहे हे कळल्याशिवाय कंपनीवर कारवाई होणार नव्हती, म्हणून सुनेत्राताईंनी एक सीलबंद नमुना शेजारच्या राज्यातल्या प्रयोगशाळेकडे माणसाबरोबर पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो पोहोचला. काही मिनिटांतच तिथल्या तंत्रज्ञाचा फोन आला. "मॅडम, निर्दोष आहे. वर्णपट पाठवतोय."

"इतक्या लवकर?" सुनेत्राताईंनी विचारलं. "मला एवढंच सांगा, तुमच्या चुंबकाजवळ शेवटचं कोण गेलं होतं?"

"आत जायला आम्हालाही परवानगी नाही, मॅडम," तो म्हणाला. "सुरक्षेसाठी."