मोताळ्यातली स्पॅनिश

बाजाराचा दिवस होता. मोताळ्याच्या मुलींच्या शाळेच्या ओट्यावर बसून एक तरुण कसलीशी परकी भाषा मोठ्यानं घोकत होता. आत पोरी खुदखुदत होत्या. शेवटी शिक्षिका कौशल्याबाई बाहेर आल्या.

"पोरींचं ध्यान तुमच्याकडं लागलं. काय घोकून राह्यले?"

तो गडबडून उठला. निवृत्ती त्याचं नाव. सरकी काढायच्या जीनमध्ये कापसाची प्रत पारखायचा.

"स्पॅनिश, बाई. आमची पेढी मले दोन सालांसाठी स्पेनले धाडते. पन पह्यले सायबासमोर बोलून दाखवा लागते. बाकी येते... भूतकाळातली काही क्रियापदंच आयकत नाहीत. नियमानं चालतच नाहीत."

कौशल्याबाईंना त्या भाषेतलं अक्षरही ठाऊक नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "म्हणा पाहू."

"तुवे... दिखे... एस्तुवे... त्राखे..."

"तुवे आणि एस्तुवे बहिणी वाटतात. दिखे, त्राखे दुसऱ्या घरच्या. जी पोर मोठ्या ओळीत राहत नाही, तिला मी तिच्यासारख्या पोरींच्या छोट्या ओळीत उभी करते. मग ती भांडत नाही."

निवृत्तीनं तिथंच वहीत दोन छोट्या ओळी पाडल्या.

मग रोज संध्याकाळी, शाळेचं दार सताड उघडं ठेवून, पाढ्यांच्या चालीवर क्रियापदं सुरू झाली. त्याच्या बाहीला कापसाचा तंतू चिकटलेला असे. तो काढावा म्हणून एकदा कौशल्याबाईंचा हात पुढे झाला... आणि परत पदरात गेला. लहानपणीच त्या विधवा झाल्या होत्या. थोरल्या भावानं, उकंडरावदादांनी, गावाचं न ऐकता त्यांना अमरावतीला शिकायला पाठवलं होतं. आता एकेक क्रियापद निवृत्तीच्या तोंडी बसत होतं, आणि ते बसवून आपण त्याला आपल्यापासून दूर धाडतो आहोत, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी एकही चूक सोडली नाही.

एके दिवशी तो पहिल्याच शब्दाला अडला.

"मुद्दाम चुकले तुम्ही."

"चुकलो तं इथंच राहीन."

"मुद्दाम चुकणाऱ्याला मी उभं करते," त्या म्हणाल्या. "उठा. पुन्हा म्हणा."

तो उठला. सगळं बिनचूक म्हणाला.

साहेबासमोर तो पास झाला. बातमी घेऊन थेट शाळेतच आला.

"महिन्याभरात निघा लागते, बाई. त्याच्या आंधी... माह्यासंग पाट लावसान?"

कौशल्याबाईंनी डोळे मिटले. हवं होतं ते हेच. पण विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, गावात रात्री लागे, सवाष्णींच्या नजरेआड, दिवा बारीक करून.

"अंधारात नाही," त्या हळू म्हणाल्या. "मी काही चोरलेलं नाही. लावायचं तर दिवसा, या अंगणात, माझ्या पोरींसमोर. नाहीतर तुम्ही सुखानं जा... मी रागावणार नाही."

"गावातलं कोनी येनार नाही."

"पोरी येतील."

निवृत्तीनं खाली पाहिलं. मग टोपी नीट केली.

"मंग सकाळचाच मुहूर्त पाहू. पन... तुमच्या दादाले काय सांगू?"

कौशल्याबाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "तेही मीच शिकवू का?"