बुरुल अपांची पिवळी फुलं

मधमाशी रानपुदिन्याच्या फुलावर उतरली, तेव्हा तिच्या मागच्या पायांवर आधीच पिवळ्या परागाचे गोळे होते. रस न घेताच ती उडाली. जाताना त्यातला थोडा पराग मात्र जांभळ्या फुलाला पुसून गेली – परक्या जातीचा, त्याच्या काडीच्याही उपयोगाचा नसलेला.

मी उकिडवी बसून भिंगातून हे बघत होते. मागून आवाज आला.

"माझ्या माशांवर पाळत ठेवायला आता बिश्केकहून माणसं येतात?"

हा संजार. नदीकाठच्या मधाच्या पेट्या त्याच्या. मी म्हटलं, त्यांचं वागणंच तसं आहे. जवळचा रानपुदिना सोडून परक्या पिवळ्या फुलांच्या नादी लागल्या आहेत.

"माशांचं जाऊ द्या," तो म्हणाला, "त्यांचा मालक एकनिष्ठ आहे."

त्यानंतर भिंगातून मला बराच वेळ काही नीट दिसेना…

पिवळ्या फुलांनी सगळा काठ गिळला होता. रानपुदिना फुलायचा, पण बी धरत नव्हता. फुलं उपटायची की ठेवायची, हे वनस्पतींची अभ्यासक म्हणून गावाला मी सांगायचं होतं. ती आली कुठून, असं विचारलं की संजार आभाळाकडे बघायचा आणि वाऱ्याने आली असतील म्हणायचा. वारा तर उलट्या दिशेने वाहतो, हे मी दाखवून दिलं. मग जाऊन परत आला असेल, म्हणाला.

मी रोज जात राहिले. त्याच्या बोटांना धुराचा आणि मेणाचा वास असे. एका दुपारी सर आली, आणि त्याच्या एकुलत्या घोंगडीखाली दोघं उभे असताना त्याने सरळ लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, निरीक्षण अपुरं आहे. त्याने शांतपणे मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"झालं बघून?"

झालं होतं. पण फुलं उपटली तर त्याचा शरदातला मध निम्म्यावर येणार होता. ते सांगितल्यावर तो पुन्हा विचारील का, या भीतीने मी दोन्ही उत्तरं लांबवत होते.

मग त्याच्या आईने, बुरुल अपांनी, चहाला बोलावलं. त्या पेला अर्धाच भरत होत्या, पुन्हा पुन्हा. पाहुण्याने उठू नये असं वाटलं की भरतात तसा. खिडकीच्या उंचीपर्यंत तीच पिवळी फुलं डोलत होती. अल्माटीच्या बहिणीकडून आणली, अपा कौतुकाने सांगू लागल्या. थोरल्याच्या लग्नात पाहुण्यांना घरी न्यायला केशिकच्या पिशव्या भरल्या, तेव्हा मांस आणि बोरसोकच्या तळलेल्या वड्यांबरोबर प्रत्येकीत या फुलाचं एकेक मूळही घातलं, शुभ म्हणून. पंचक्रोशीतली माणसं आली होती.

संजारला बोरसोकचा ठसका लागला. मी त्याच्याकडे बघितलं. म्हणजे वारा हा होता तर.

"संजारच्या लग्नासाठी पोतंभर मुळं बाजूला ठेवलीयत," अपा म्हणाल्या. "तो नुसतं हो म्हणू दे."

संजार आईकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी पेला खाली ठेवला.

"अपा, ही फुलं काढावी लागतील. काठावरची सगळी… आणि तुमच्या अंगणातलीही."

अपांचा हात चहाच्या किटलीवरच थांबला. संजारने हळूच विचारलं, "आणि माझा मध?"

"कमी होईल. काही वर्षं बराच कमी."

त्याने पेल्यातला शेवटचा घोट संपवला. मग म्हणाला, "रानपुदिन्याचा मध लहानपणी खाल्ला होता. चांगला असतो… थोडाच असतो, पण चांगला असतो."

"तुमचं चालू द्या," अपा फणकारल्या. "पण मुळं नाहीत, तर लग्नात केशिकमध्ये मी घालू काय?"

"मांस आणि बोरसोक," मी म्हटलं. "संजारशी लग्न मी करणार आहे, अपा, आणि माझ्या लग्नातून कोणीही मुळं घेऊन घरी जाणार नाही."