उदयगिरीच्या पोटातली टकटक

उदयगिरी इमारत आतून पोकळ झाली आहे, असा अहवाल आला तेव्हा ती पोकळ इमारत नेहमीसारखीच उभी होती आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर अण्णा मोकाशी दाढी करत होते.

"पोकळ म्हणजे किती पोकळ?" त्यांनी फेसातूनच विचारलं.

"सगळीकडे पोकळ," त्यांची नात नभा म्हणाली. "भिंती, खांब, तुळया, सगळं. उद्या अहवालावर शिक्का बसणार, मग पाडकाम."

अण्णांनी बेसिनवर जरा भार देऊन पाहिला. बेसिन पडलं नाही. मग त्यांनी उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली.

त्या काळात शहर इतकं भरलं होतं की कावळ्यालाही तारेवर बसायचं तर आधी नंबर लावावा लागे. दोन गगनचुंबी मनोऱ्यांच्या मधे पाच मजल्यांची उदयगिरी उभी होती, लग्नाच्या फोटोत दोन धिप्पाड मामांच्या मधे अडकलेल्या भाच्यासारखी. ती पाडली की रहिवाशांना जागा मिळणार होत्या, पण जिथे रिकाम्या असतील तिथे. नभा आणि तिच्या आईबाबांना शहराच्या उत्तर टोकाला, अण्णांना दक्षिण टोकाला. आत्ता नभा चौथ्या मजल्यावर राहायची आणि दिवसातून दहा वेळा जिना उतरून अण्णांशी भांडायला यायची. मग भांडायला दिवाळीची वाट बघावी लागणार होती.

हा सगळा घोळ ज्याने घातला तो जिन्यातल्या भिंतीवर चिकटून बसला होता. तो होता महापालिकेचा भित्तिपरीक्षक (भिंतींची तब्येत तपासणारा यंत्रमानव). भिंतीवर चढायचं तर पालीसारखा आकार सोयीचा, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला पालीसारखा बनवला होता, लाटण्याहून थोडा लांब. सगळी मुलं त्याला पालोबा म्हणत. पहिल्या दिवशी शिरोडकर काकू झाडू घेऊन त्याच्या मागे लागल्या होत्या. मग त्याच्या पोटावरचं महापालिकेचं बोधचिन्ह दिसल्यावर त्यांनी झाडू खाली ठेवून त्याला चहा विचारला होता.

"पालोबा, तू आमचं घर पाडतोयस," नभा म्हणाली.

"मी काहीही पाडत नाही, फक्त कळवतो," पालोबा म्हणाला. "शिवाय मला 'तुम्ही' म्हणावं, असं नियमावलीत आहे."

"बरं. मग तुम्ही असं तोंड पाडून का बसलात?"

"कारण मला दोन गोष्टी सापडल्या आहेत. दोन्ही खऱ्या वाटतात आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही."

नभा पायरीवर बसली. पालोबा दोन विटा खाली सरकला.

"पहिली गोष्ट कानाची," तो म्हणाला. "कलिंगड घेताना तुझे अण्णा काय करतात?"

"भावावरून वाद घालतात."

"त्याआधी?"

"टिचकी मारून आवाज ऐकतात."

"मीही तेच करतो. भिंतीवर चुक् चुक् असा आवाज सोडतो. काँक्रीट आत भरीव असेल, तर आवाज सरळ पलीकडच्या टोकापर्यंत जातो आणि तिथून प्रतिध्वनी (आपटून परत आलेला आवाज) येतो. मधे कुठे पोकळी असेल, तर तो तिथूनच अर्ध्या वाटेवर परत फिरतो. लवकर परत आला, की समजायचं आत भगदाड. या इमारतीत आवाज कुठेही, कसाही, केव्हाही परत येतो. एकदा तर मी सोडला नव्हता तेव्हाही आला."

"आणि दुसरी गोष्ट?"

पालोबाने शेपटीतून काँक्रीटचा एक छोटा दंडगोल काढला. जिथे सगळ्यात मोठी पोकळी ऐकू आली होती, तिथूनच त्याने तो कोरून काढला होता. दंडगोल अखंड होता, केसाएवढीही भेग नव्हती. पालोबाने त्यावर एक रंगहीन पाणी फवारलं. बघता बघता दंडगोल गुलाबी झाला, कोकम सरबत सांडल्यासारखा.

"आई गं!" नभा म्हणाली. "लाजला की काय?"

"ही तब्येत चांगली असल्याची खूण. या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन (चुन्यासारखा पदार्थ भेटला की गुलाबी होणारं रसायन) आहे. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की काँक्रीटमध्ये चुना तयार होतो. त्यामुळे काँक्रीट अल्कधर्मी (आम्लाच्या उलट स्वभावाचं) राहतं. अशा काँक्रीटमध्ये पुरलेल्या लोखंडी सळ्यांवर एक अतिशय पातळ कवच तयार होतं. ते कवच असेपर्यंत गंजाची हिंमत होत नाही."

"मग कवच जातं कसं?"

"हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि चुना संपवत जातो. अगदी सावकाश, वर्षाला जेमतेम पेन्सिलीच्या रेघेइतका. त्याला कार्बोनीकरण (हवेमुळे काँक्रीटचा अल्कधर्म जाणं) म्हणतात. ते सळीपर्यंत पोचलं की कवच जातं आणि मग ओल मिळाली की सळी गंजते. आता मुख्य गंमत. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा अडवतो. गर्दीच्या बाकावर कोणी बसल्याजागी फुगायला लागला तर?"

"बाकीचे खाली पडतील."

"काँक्रीटचं तसंच होतं. त्याला बाहेरून कोणी ठोसा मारत नाही, आतली सळीच ढकलते. म्हणून आधी भेग पडते, मग पोपडा सुटतो आणि मग पोकळी होते. पण इथे पाहा, गुलाबी रंग अगदी काठापर्यंत आलाय." पालोबाचा आवाज मऊ झाला. "इतक्या वर्षांत हवेला बोटभरही आत येऊ दिलेलं नाही. काय घट्ट काँक्रीट आहे! बांधणाऱ्यांनी न कंटाळता पाणी मारलं असणार."

"पण पाणी मारत राहिलं तर ते वाळणार कसं?"

"सगळ्यांची हीच चूक होते. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. सिमेंटचा पाण्याशी संयोग होतो आणि त्यातून दगड घडत जातो. पाणी लवकर तोडलं तर दगड अर्धवट राहतो आणि छिद्रं उरतात. या इमारतीला पोटभर पाजलंय. मला तर तिला नमस्कार करावासा वाटतो. पण माझे कान म्हणतात ती पोकळ आहे, आणि नियमानुसार कानाचे गुण जास्त."

एवढं बोलून तो उदास होऊन बाहेरच्या भिंतीवर गेला.

नभा अण्णांकडे आली. अण्णा शब्दकोड्यात बुडाले होते. बाहेरून आवाज आला, चुक् चुक् चुक्.

अण्णांनी मान वर न करता भिंतीवर बोटाने टक् टक् टक् केलं आणि पुटपुटले, "कृष्ण कृष्ण."

नभा जागच्या जागी थांबली. वरून शिरोडकर काकूंच्या घरातून आवाज आला, टक् टक् टक्. खालून सोसायटीचे सचिव पाटकर काका, टक् टक्. मग पाचव्या मजल्यावरून, मग शेजारून. पाल चुकचुकली की बोटाने टकटक करून देवाचं नाव घ्यायचं, हे उदयगिरीत सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण ते करतो हे कोणाला ठाऊकच नव्हतं. इमारत पोकळ नव्हती, धार्मिक होती.

"अण्णा! तुम्ही आत्ता टकटक केलं!"

"मी? छे! वेलांटीपाशी अडलोय मी."

नभाने धावत जाऊन पालोबाला सांगितलं. पालोबाचे डोळे तीन वेळा लुकलुकले.

"माझ्या माहितीकोशात कृष्ण आहे," तो म्हणाला. "टकटक नाही. म्हणजे मी ओळीने चुकचुकतो, मधेमधे ऐकतो, आणि नेमक्या त्या वेळी तुम्ही सगळे..."

"हो."

"आजच पुन्हा तपासावं लागेल. पूर्ण शांततेत."

पाटकर काकांनी सगळ्यांना जिन्यात जमवलं. सगळ्यांनी बाहेर गल्लीत जाऊन उभं राहायचं, ही पहिली सूचना. पण गल्लीत एवढ्या माणसांना उभं राहायला जागाच नव्हती. दुसरी सूचना, सगळ्यांनी हात बांधून बसायचं.

"बांधलेला हातसुद्धा आपोआप उठतो हो," पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा प्रामाणिकपणे म्हणाले.

तेव्हा शिरोडकर काकू घरात गेल्या आणि रव्याच्या लाडवांचे डबे घेऊन आल्या. लहानथोर सगळ्यांच्या दोन्ही हातांत एकेक लाडू दिला गेला. "फुटला तर बघा," काकू म्हणाल्या. सगळे आपापल्या घरी जाऊन बसले, नभा मात्र अण्णांकडे बसली.

चुक् चुक् चुक्. पालोबा तळमजल्यापासून निघाला. उदयगिरीत इतकी शांतता कधीच झाली नव्हती. सगळ्यांचे ओठ "कृष्ण कृष्ण" म्हणत होते, पण आवाज न करता. दुसरा मजला झाला. पालोबा तिसऱ्या मजल्यावर आला, अण्णांच्या भिंतीपलीकडे.

काळजीने माणसं नखं खातात. अण्णांनी लाडू खाल्ला. उजवा हात रिकामा झाला हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

चुक् चुक् चुक्.

अण्णांचं बोट भिंतीकडे निघालं. नभाने आपले दोन्ही लाडू मांडीवर टाकले आणि तो हात घट्ट धरला. बोट तिच्या मुठीत तीन वेळा हललं. मग पालोबा वर गेला. नभाने हात मात्र तो पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत सोडला नाही.

"इमारत भरीव आहे," पालोबाने जिन्यात जाहीर केलं. "मागच्या बाजूचा एक खांब सोडून."

तो खांब टाकीच्या गळक्या पाइपाखाली होता. वरचा पोपडा काढला तर आत सळ्या गंजून फुगल्या होत्या. नभाने स्वतः त्यावर ते पाणी फवारलं. काँक्रीट पांढरंफटक राहिलं, जराही गुलाबी झालं नाही.

"पाडायची नाही ना मग?" तिने विचारलं.

"एक दात किडला म्हणून कोणी डोकं बदलत नाही. आणि नवी इमारत म्हणजे नवं सिमेंट. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजतात तेव्हा तिच्यातला ढीगभर कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो. उभी इमारत सांभाळणं हे सगळ्यात स्वच्छ बांधकाम."

पाइप बदलला, सळ्या घासून काढल्या आणि खांबाला नवं काँक्रीट भरलं. त्यात सिमेंट कमी होतं, वीजकेंद्रातली कोळशाची राख जास्त होती, आणि झोपलेले जिवाणू होते. भेग पडून पाणी आत आलं की ते जागे होणार, सोबत ठेवलेलं खाद्य खाणार आणि चुनखडी तयार करून भेग बुजवणार, असं पालोबाने समजावून सांगितलं.

सोसायटीच्या बैठकीत यावर वाद झाला. इतके कोटी नवे रहिवासी परवानगीशिवाय आलेच कसे, असं पाटकर काकांनी विचारलं. पण न सांगता दुरुस्ती करणारा रहिवासी आजवर सोसायटीला मिळाला नव्हता, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला.

बैठकीनंतर नभा आणि अण्णा त्या खांबाला हात लावून उभे राहिले. शेजारच्या जुन्या इमारतीवर पालोबा चढत होता. तिथल्या लोकांना लाडवांचे डबे आधीच पोचले होते.

"हे जिवाणू किती वर्षं झोपून राहू शकतात?" नभाने विचारलं.

"पालोबा म्हणतो, पन्नाससुद्धा."

नभाने हिशेब केला. "म्हणजे ते उठतील तेव्हा मी तुमच्याएवढी असेन."

"आणि मी नसेन," अण्णा म्हणाले. "पण इमारत असेल. तू राहशील चौथ्या मजल्यावर."

"तिसऱ्या," नभा म्हणाली. "तुमची खोली मी घेणार आहे."

"अजून मी ती रिकामी केलेली नाही," अण्णा म्हणाले आणि भांडायला जिना चढू लागले.