वलीली पाहायला जाताना मुक्काम कुठे करावा

पाऊस असो, ऊन असो, सहावा माणूस मिळेपर्यंत बा अल्लालची टॅक्सी मेकनेस शहराच्या नाक्यावरून हलत नसे. त्या दिवशी पाच जण कधीचे कोंबून बसले होते. जानेवारीतला चिवट पाऊस काचेवरून ओघळत होता. मागच्या सीटवर दाराशी तुरय्या बसली होती. मांडीवर नव्या चादरींचं गाठोडं, आणि मनात एकच प्रार्थना – सहावा निदान बारीक असू दे.

सहावा आला तो नेमका तिच्याच बाजूचं दार उघडून. केसांतून पाणी निथळतंय, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि कोटाच्या आत छातीशी धरलेली एक वही... कोरडी ठणठणीत.

“जरा सरकता का?”

“कुठं सरकू? पलीकडे आजी आहेत, त्यांच्या पलीकडे आणखी एक जण, मग दार, दाराच्या पलीकडे रस्ता.”

आजीच शेवटी पुटपुटत सरकल्या. तो अंग चोरून बसला.

“माफ करा हं. वही भिजू नये म्हणून...”

“म्हणून स्वतः भिजलात. वही नशीबवान आहे तुमची.”

तो हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर जरासा चढलेला दिसायचा. तुरय्यानं हे पाहिलं, आणि पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडून खिडकीबाहेर बघत बसली.

“कुठं उतरायचं, सिदी?” बा अल्लालनं आरशातून विचारलं.

“मौले इद्रिस गावात. माझं नाव अनवार, रबातहून आलोय. आमच्या सहली असतात. एप्रिलमध्ये नऊ निवृत्त शिक्षक वलीलीचे रोमन अवशेष बघायला येणार आहेत, पंधरा दिवस. त्यांनी राहायचं कुठं, ते मला ठरवायचंय.”

झालं! टॅक्सीत जणू सभाच भरली.

“त्यात ठरवायचं काय?” आजी म्हणाल्या. “मेकनेसला राहावं. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे. दगड ते दगड. दोन हजार वर्षं जागचे हलले नाहीत, तुम्ही उशिरा पोचलात म्हणून पळून जाणारेत होय?”

“पण गावातून जवळ,” पुढच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. “चालत तासाभराच्या आत.”

“गावात एक घर आहे म्हणे पाहुण्यांसाठी,” तुरय्या खिडकीशीच बोलावं तशी बोलली.

“कसं आहे?”

“जिने उभे आहेत. गरम पाणी लहरी आहे. मालकीण लाख मोलाची... तिची मुलगी मात्र तिखट.”

“किती तिखट?”

“मागं एक पाहुणा तिच्याशी भांडून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी माफी मागायला परत आला.”

“चूक कुणाची होती?”

“तिचीच होती.”

बा अल्लालला जोराचा खोकला आला. गाव येईस्तोवर तो खोकला काही थांबेना. शेवटी चौकात गाडी उभी राहिली तेव्हा अनवारनं त्यालाच विचारलं, “ते घर कुठंसं आहे हो?”

“ते घर?” बा अल्लालनं डोळे पुसले. “ते तुमच्या शेजारी बसूनच आलंय की!”

*

चौकापासून घरापर्यंत चौऱ्याण्णव पायऱ्या होत्या. अनवारनं मोजल्या. मोजताना तीनदा थांबून दम खाल्ला, आणि थांबला की गाठोडं घेऊन टणाटण पुढं गेलेली तुरय्या वरून म्हणायची, “लिहा, लिहा! वहीत लिहा!”

घरात वर चार खोल्या आणि गच्ची. तुरय्याचे बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागं आईनं, लल्ला महजूबानं, अंथरूण धरलं होतं. घर माणसांनी भरलं तरच ही उठेल, असं तुरय्याच्या मनानं घेतलं आणि तिनं खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. खरंच, पहिल्या पाहुण्यासाठी भाकरी थापायला आई उठली होती. पिठाचे हात, कपाळावर आलेली बट... तुरय्याला तो दिवस जसाच्या तसा आठवायचा.

पण या हिवाळ्यात कुणी फिरकलंच नव्हतं.

तीन दिवस अनवार तिथं राहिला. सकाळी ऑलिव्हचं तेल सोडलेलं वाफाळतं बिसारा सूप, भाकरी, पुदिन्याचा चहा. आई त्याला आग्रह करकरून वाढायची आणि तो वहीत काहीबाही लिहायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तुरय्या म्हणाली, “चला. अवशेष काय, कुणीही दाखवेल. कधी बघायचे ते मी दाखवते.”

ऑलिव्हच्या बागांमधून दोघं चालत गेले. रात्रभर पाऊस पडून गेला होता. फाटक उघडलं तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं. म्हणजे पाखरं तेवढी होती! नुकतेच परतलेले करकोचे उंच खांबांवर चोची वाजवत होते. तुरय्या त्याला एका पडक्या घराच्या चौकात घेऊन गेली. जमिनीवर हजारो रंगीत दगडी तुकड्यांचं चित्र होतं, आणि पावसानं ते अंगभर भिजलं होतं. मासे लाल, निळे, जणू आत्ताच पाण्यातून वर आलेले.

“काल दुपारी पाहिली ती हीच फरशी?” त्याचा आवाज आपोआप खाली आला. “काल तर नुसती धुरकट होती.”

“ओली असली की रंग जागे होतात. दहाला मेकनेसहून बस येते, तोवर वाळून जाते. त्या लोकांना वाटतं, ही अशीच फिकट आहे.”

तो उकिडवा बसून बघत राहिला. फरशीकडे... मग तिच्याकडे. तिनं डोक्यावरचा रुमाल उगाच नीट केला.

आणि मग न राहवून ती बोलून गेली. भाऊ फेस शहरात असतो, रदवान. दर शुक्रवारी त्याचा फोन येतो – आईला घेऊन इकडे ये, घराला कुलूप लाव. एप्रिलपर्यंत पाहुणे मिळाले नाहीत तर स्वतःच्या हातानं कुलूप लावीन, असा शब्द तिनं त्याला दिला होता.

“फेसच्या त्या फ्लॅटमध्ये आई पुन्हा अंथरूण धरेल. मला ठाऊक आहे.”

अनवारनं कोटातली वही चाचपली.

“हे मला का सांगितलंत? आता मी वहीत खरं कसं लिहू?”

“खरंच लिहा,” ती ताठ होत म्हणाली. “कीव करून पाठवलेले पाहुणे नकोत मला.”

*

तो गेला त्याला अकरा दिवस झाले. फोन नाही, निरोप नाही. तुरय्यानं खोल्यांच्या चादरी दोनदा बदलल्या, न वापरलेल्याच.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, समोरच्या खद्दूज मावशींनी खिडकीतून पाहिलं. पायऱ्या चढत एक तरुण येत होता. इस्त्रीचा कोट, भांग पाडलेला, आणि दोन्ही हातांत निळ्या कागदात गुंडाळलेले साखरेचे दोन उंच सुळके! बिनलग्नाचा मुलगा, शुक्रवार, साखर, आणि चाललाय उपवर मुलीच्या दाराशी. आता याचा आणखी काय अर्थ लावायचा? खद्दूज मावशींनी जीभ नाचवत अशी काही लांबलचक आनंदाची लकेर काढली, की गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या.

अनवारला वाटलं, गल्लीत कुणाचं तरी लग्न आहे. त्यानं वर बघून हसून मान लववली. मग तर काय, चारही बाजूंनी लकेरी!

तो बैठकीत टेकेपर्यंत खद्दूज मावशी येऊन पोचल्यासुद्धा. आईनं घाईघाईनं ठेवणीतला काफ्तान चढवला होता. तुरय्या स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी होती.

“घरचे नाही आले?” आईनं हळूच विचारलं.

“घरचे? ते... रबातला असतात. आईनं सलाम सांगितलाय.”

“पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, बाळा.”

“हो... आणीन की, इन्शाल्ला.”

“अरे मग बोल ना!” खद्दूज मावशींना दम निघेना. “एवढा डोंगर चढून आलास आणि आता लाजतोस?”

अनवारनं घसा साफ केला. “वाईट वाटतंय सांगायला... पण शिक्षकांचा मुक्काम मेकनेसला ठरलाय.”



“कुठल्या शिक्षकांचा रे?” खद्दूज मावशी म्हणाल्या.

पडदा सरकला. तुरय्या बाहेर आली. गाल लाल, डोळे भरलेले, आवाज मात्र धारदार.

“आणि ही साखर? लग्नाची, की दुखवट्याची? आपल्यात दोन्हीला हीच नेतात.”

अनवारनं साखरेकडे पाहिलं. आईच्या काफ्तानाकडे पाहिलं. खिडकीत दाटीवाटीनं जमलेल्या बायकांकडे पाहिलं... आणि मग त्याचे कान हळूहळू डाळिंबासारखे लाल झाले.

“आई म्हणाली, ज्या घरची भाकरी तीन दिवस खाल्लीस तिथं रिकाम्या हातानं जाऊ नकोस. मी... माझ्या डोक्यातच नाही आलं...”

तुरय्या जिना चढून गच्चीवर निघून गेली. तो खुळ्यासारखा उभा राहिला.

“जिना त्या बाजूला आहे,” लल्ला महजूबा म्हणाली. आणि स्वतः जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. गल्लीला बोलायला जागा नको, आणि पोरांना बोलायला अडचण नको!

वर वारा होता. दूर हिरव्या उतारावर खांब दिसत होते.

“तुम्हीच म्हणालात, खरं लिहा,” तो म्हणाला.

“म्हणाले होते. लिहाल असं कुठं वाटलं होतं!”

“नऊ म्हातारी माणसं. चौघांचे गुडघे गेलेले. आणि पायऱ्या चौऱ्याण्णव.” तो जरा थांबला. “तीन पानं फाडली मी. पहिल्या पानात पायऱ्याच नव्हत्या. दुसऱ्यात होत्या, पण त्या चढताना दम लागत नव्हता. तिसऱ्यात... फक्त ओली फरशी होती, आणि रुमाल नीट करणारी एक मुलगी. तेव्हा कळलं, की हे मी घराबद्दल लिहीतच नाहीये.”

तिनं मान वळवली नाही. पण वाऱ्यानं उडणारा रुमाल तिनं या वेळी धरलाही नाही.

“आणखी एक सांगायचंय. तेतुआनची सहा मुलंमुली आहेत, चित्रकला शिकणारी. मार्चपासून दोन महिने त्यांना वलीली काढायचंय. फरशी ओली असताना.”

“ही कीवच झाली!”

“नाही. पायऱ्या आधी सांगितल्या. पाणी लहरी आहे, तेही सांगितलं. मुलगी तिखट आहे, हे तर दोनदा.”

“मग?”

“म्हणाले, मग तिथंच राहायचं.”

तिला हसू आलं. ते लपवायला तिनं तोंडावर हात धरला, तर डोळ्यांतलं पाणीच खाली आलं.

“अगं ए!” खालून खद्दूज मावशींची हाक आली. “बायका ताटकळल्यात गं! काय सांगू त्यांना? कसली साखर?”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“तुझ्या आईनं तर पाहुणचाराची म्हणून दिलीय,” तुरय्या हळूच म्हणाली. ‘तुम्ही’ कुठं गळून पडलं, तिचं तिलाच कळलं नाही.

“तिनं तशीच दिली होती. पण मी... आता मला ती परत नेववणार नाही. तू म्हणालीस तरी.”

करकोच्यांची एक जोडी गच्चीवरून अगदी खालून उडत गेली. तुरय्यानं जिन्यात वाकून आईला हाक मारली.

“यम्मा! चहा ठेव. आणि... साखर नवी फोड.”

मग साखर फोडायच्या छोट्या हातोडीचा आवाज आला, ठक्! दुसरा ठोका पडायच्या आत गल्ली लकेरींनी भरून गेली. आणि त्या गोंधळात तुरय्याच्या खिशातला फोन वाजू लागला. शुक्रवार होता ना!

“रदवान... हो, ऐकू येतंय... नाही, कुणाचं लग्न नाहीये. अजून तरी.” तिनं एक बोट कानात घातलं. “ऐक. कुलूप लावणार नाहीये मी... हो, मिळाले. मार्चपासून सहा.”

अनवार कठड्याला टेकून तिच्याकडे बघत होता. तिनं त्याच्याकडे पाठ केली, पण आवाज काही कमी केला नाही.

“आणि एक आजच आलाय... किती दिवस राहणार? विचारलं नाही रे अजून. पण जाईलसं वाटत नाही.”