पहिल्या टाकीचं पीठ

बसा साहेब, टपरी आपलीच हाये. तो पिठाचा पुडा मांडीवरच ऱ्हाऊ द्या, खाली नका ठेवू. चहा उकळंस्तोवर या पवनचक्कीची गोष्ट सांगतो. वरल्या पाटीवर लिहिलेली नाय ती.

खुलताबादच्या या टेकाडावर निजामाच्या काळात कुण्या डच साहेबानं ही बांधली म्हणत्यात. खाली दगडी बुरूज, वर लाकडाचं टोपडं, चार पाती. साहेब गेला, पाती कुजली, वटवाघळं ऱ्हायली. दोन वर्षांमागं नानासाहेबांनी जागा घेतली अन् सुतार लावून होती तशी उभी केली. आता सहली येतात, फोटो काढतात, वाऱ्यावर दळलेल्या जवारीचा पुडा घेऊन जातात. तुमच्यासारखेच.

दळायला आणला रामकिसन. गारखेड्यात तीस वर्षं गिरणी चालवलेला माणूस. जुन्याच दगडांना त्यानं टाकी लावली, छिन्नीनं टोचून टोचून धार काढली. अन् गिरणीवाल्याचा नेम असा, की टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाय. खडी येते त्यात. फेकायचं.

पाच किलो जवारी घातली. पीठ भरलं सात किलो.

रामकिसननं काटा दोनदा तपासला. दळणात घट येते साहेब, वाढ कधी येत नाय. हात घातला तर पीठ ओलसर, कोंबट. वास कसा? आजारी माणसानं सकाळी तोंड न धुता जांभई द्यावी, तसा. बोटाला लांब पांढरा केस गुंडाळून आला.

"वटवाघळांची घाण असंल," नानासाहेब नाकाला रुमाल लावून लांबूनच बोलले. "फेक तिकडं!"

"फेकतो की."

पन जल्माचा गिरणीवाला. उकिरड्यावर पीठ टाकायला हात धजंना. कागद चिकटवायला खळ होईल म्हणून डब्यात घालून घरी नेलं.

घरी लेक, तनुजा, दिवस गेलेली. आधीची दोन पोटं टिकली नव्हती. हे तिसरं, अन् पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरत नव्हता. दवाखान्यातून सलाईन लावून आणायची, दारात पुन्हा उलटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामकिसन घरी आला, तर पोरगी भाकर खात बसलेली. तिसरी.

"कशाची गं?"

"डब्यातल्या पिठाची. लई गोड हाये, बाबा."

भाकरीच्या पापुद्र्यातून केस लोंबत होता. तिनं तो शेवईवानी ओढून घेतला. रामकिसनच्या तोंडाला पाणी सुटलं, वांती व्हायच्या आधी सुटतं तसं. त्यानं ताट ओढलं.

"तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी ठरलंय," ती म्हणाली. "घ्या हिसकून!"

त्याचा हात मागं आला.

तवापासून रोज या चक्कीचा एक पुडा तिच्यासाठी घरी नेतो. लोक तेच पीठ नेतात, चवीनं खातात, कुणाला वास येत नाय. रामकिसनला येतो. साबण लावला तरी नखात ऱ्हातो. भाकर सोडली त्यानं, नुसत्या भातावर हाये. एकदा लेकीला फसवून दुसऱ्या गिरणीचं पीठ दिलं. पहिल्या घासाला रक्त ओकली.

बाळ मातर झ्याक वाढत होतं. डाक्टर म्हणायचे, आई खाती त्याहून जास्तच वाढतंय.

अन् तीन दिसांमागं वारा पडला. बघा की, पाती हालंना. दळण बंद.

तनुजा उपाशी हाये. झोपूनच असती.

झोपेत तिचा जबडा फिरतो. वर-खाली नाय साहेब. गोल.

ओठाच्या कोपऱ्यातून पीठ गळतं. कोंबट.

रामकिसनला ठाऊक हाये, दगडात दाणा नसला की जातं थांबत नाय. आतलंच खातं.

आज सकाळी डाक्टरनं पोट तपासलं. बाळ परवापेक्षा बारीक झालंय म्हणे.

तो बघा रामकिसन, त्या लिंबाखाली उभा हाये. मागायची लाज वाटती त्याला. फळीमागं पडलेला शेवटचा पुडा आज घावला, अन् तो यायच्या आधीच नानासाहेबांनी तुम्हाला विकला, साहेब. तेवढा देता का?