बंद पडला की उघडा पडला?

"पाण्याखाली रेग्युलेटर बिघडला, तर काय होईल?" आजोबांनी विचारलं.

"बंद पडेल," उर्वी म्हणाली. "दुसरं काय होणार?"

आजोबा, म्हणजे प्रवाळांचे अभ्यासक डॉ. कुबल, नुसते हसले. देवबागच्या समुद्रात त्यांनी प्रवाळांची रोपवाटिका उभारली होती. शाळेच्या काचटाकीत उर्वीने वाढवलेलं रोप आज तिथे लावायचं होतं. पण आधी हौदातली परीक्षा. घाबरून वर पळालं, की रोप दुसऱ्याच्या हातून लागणार.

रोबो डुबक्याने तिची सामग्री तपासली. पाठीवर टाकी. तोंडात रेग्युलेटर (टाकीतली जोरकस हवा श्वासापुरती सौम्य करून देणारं साधन). छातीवर पिवळा, जादा रेग्युलेटर. आणि गळपट्टा (घशातली कंपनं ओळखून शब्द ऐकवणारा पट्टा).

दोघं हौदाच्या तळाशी पोचली. ठरल्याप्रमाणे डुबक्याने उर्वीच्या तोंडातल्या सरावाच्या रेग्युलेटरची स्प्रिंग दुरूनच सैल केली. फसफस आवाज झाला आणि उर्वीभोवती बुडबुड्यांचं मोहोळ उठलं. काही दिसेना. तिने उसळी घ्यायला पाय तळाला टेकवले.

"डुबक्या, हा बंद पडला."

"तपासलं. बंद नाही, उघडा पडला आहे."

"अरे, बिघडला म्हणतेय मी."

"मग तसं म्हण ना. बंद असता तर हे बुडबुडे कुठून आले असते?"

उर्वी थबकली. खरंच की. हवा संपली नव्हती, उलट उतू जात होती. तिने तळावरचे पाय सैल सोडले. रेग्युलेटर तोंडातून काढला, हळूहळू बुडबुडे सोडत पिवळा तोंडात धरला, जोरात फुंकून त्यातलं पाणी बाहेर घालवलं आणि श्वास घेतला. मिळाला.

"आता वर," डुबक्या म्हणाला. "टाकी भराभर रिकामी होतेय. पण सावकाश. श्वास कोंडायचा नाही. वर जाताना छातीतली हवा फुगते."

काठावर आजोबांनी कोडं सोडवलं. "कुकरची शिट्टी आठव. वाफ आतून ढकलते, वजन तिला दाबून धरतं. रेग्युलेटरमध्ये हवा झडप ढकलते, स्प्रिंग ती दाबून धरते. स्प्रिंग सैल पडली, तर जिंकणार कोण?"

"हवा. म्हणजे मुद्दामच तसा बनवलाय?"

"हो. यंत्र कधीतरी बिघडणारच. ते कुठल्या बाजूला बिघडावं, एवढं मात्र बनवणारा आधी ठरवू शकतो."

दुपारी समुद्रतळाशी उर्वीने आपलं गुलाबी रोप खडकाच्या खाचेत बसवलं. होडीत परतल्यावर ती म्हणाली, "मी मोठेपणी पाणबुडी बनवणार. बिघडली की आपोआप वर येणारी." मग तिने डुबक्याकडे पाहिलं. "तू बिघडलास, तर बंद पडशील की उघडा?"

"उघडा. बोलतच सुटेन."

"म्हणजे हा सकाळपासूनच बिघडलाय," आजोबा म्हणाले.