आर्तुरचा वस्तरा

नवा वस्तरा धारदार असतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी एकदा नव्या वस्तऱ्याने दाढी करून बघावी. गाल सोलून निघतो आणि अक्कल येते. कारखान्यातून येतं ते नुसतं चकचकीत पातं. त्याला केस आणि कातडी यातला फरक कळत नाही. तो शिकवायचं काम आमच्यासारख्यांचं. जर्मनीत सोलिंगनला, वुप्पर नदीच्या काठी माझी एका खिडकीची खोली आहे. खिडकीशी पाण्याची परात, परातीत धार लावायचा बेल्जियमचा पिवळा दगड, भिंतीला चामड्याचा पट्टा. माझा बापही इथेच बसायचा. मी लग्न केलं नाही. बहीण लीना माझ्याबरोबर राहते आणि अधूनमधून ऐकवते की बरं झालं, एक बाई वाचली.

आमच्या घरात एक रीत आहे. वस्तरा कुणाच्या दाढीचा, हे कळल्याशिवाय आम्ही धार पुरी करत नाही. मऊ दाढीला लावलेली धार राठ दाढीवर आठवडाभर टिकत नाही. गिऱ्हाईक समोर असेल तर त्याच्या जबड्यावरून हात फिरवायचा. नसेल तर त्याची साबणाची वाटी मागवायची. वाटीच्या कडेला वाळलेल्या फेसात खुंट अडकलेले असतात, ते बोटात चोळून बघायचे. आणि शेवटचे हात मारताना त्याच वाळक्या फेसाची चिमूट दगडावरच्या पाण्यात कालवायची. म्हणजे वस्तरा आपला माणूस ओळखतो, असं बाप म्हणायचा. बाहेरचे लोक हसतात. हसोत बापडे.

पंचावन्न सालचा ऑक्टोबर होता. रशियाने महायुद्धात धरलेले शेवटचे कैदी परत येत होते आणि संध्याकाळी रेडिओवर त्यांची नावं वाचत. हेडविगच्या नवऱ्याचं, आर्तुरचं नाव त्यात आलं होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. एका हातात कोरा वस्तरा, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली वाटी.

"काका, शनिवारी त्याची गाडी आहे," ती म्हणाली. "रविवारी सकाळी त्याने आपल्या घरात, आपल्या आरशासमोर उभं राहून, स्वतःच्या वस्तऱ्याने दाढी करायची. बास. एवढंच ठरवलंय मी. तिकडे म्हणे डब्याचा पत्रा घासून करायचे."

"घाबरलीस होय गं?"

"घाबरले तर काय, परत पाठवू?" ती हसली. मग वाटीचा रुमाल सोडता सोडता म्हणाली, "काका, तो तसाच असेल ना हो? थट्टेखोर? त्या घरात मी किती वर्षांत हसलेली नाही."

का हसली नव्हती ते मला ठाऊक होतं. लग्नानंतर वर्षभरात आर्तुर लढाईवर गेला आणि ही पोर त्याच्या बापाच्या तावडीत सापडली. म्हातारा कास्पार. त्याने सुनेला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. काही हवं असलं की टेबलावर बोटांची पेरं आपटायची, दोनदा. कॉफी आली पाहिजे. तो मेला तेव्हा अख्खी गल्ली मर्तिकाला गेली होती, खात्री करून घ्यायला, असं लीना म्हणते.

कास्पार माझं जुनं गिऱ्हाईक. डावखुरा. पात्याचा मुठीकडचा भाग तेवढाच वापरायचा, त्यामुळे त्याचा वस्तरा शंभरात ओळखू यायचा. उजव्या जबड्यावर हरभऱ्याएवढा चामखीळ होता आणि त्याच्याभोवती कायम खुंटांचं एक कडं. मी एकदा म्हटलं होतं, द्या, मी तेवढं साफ करतो. तर म्हणाला, "राहू दे ते, एवाल्ड. तिथं लागलं की रक्त थांबत नाही."

तर, वाटी. वाटीवर आर्तुरच्या नावाची निळी अक्षरं होती. आतले खुंट चोळून पाहिले, खराट्याच्या काड्यांसारखे राठ. मनात आलं, या पोराची दाढी इतकी राठ होती? मला तर त्याच्या हनुवटीवरची लव आठवत होती. पण माणसाचं सगळं आपल्याला कुठं ठाऊक असतं! मी राठ दाढीची धार धरली, शेवटी फेसाची चिमूट कालवली, पट्ट्यावर फिरवलं. मग केस लावून पाहिला. माझ्या डोक्यावर उरले नाहीत म्हणून लीनाच्या वेणीतला घेतो. पात्याला टेकला आणि तुटून पडला. मुठीशी, मध्ये, टोकाशी, सगळीकडे. तेल लावून, कागदात गुंडाळून मी वस्तरा खणात ठेवला.

सकाळी सहज पुन्हा केस लावला. टोकाशी तुटला. मध्ये तुटला. मुठीकडे वाकला आणि तसाच राहिला.

दमट हवा, मी म्हटलं. नदीकाठ आहे, पोलादाला कधी काय होईल नेम नाही. पुन्हा दगडावर घेतला, पुन्हा पुरा केला. लीना कॉफी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"कोण आलं होतं रे?"

"कुणी नाही. का?"

"डांबराच्या साबणाचा वास येतोय. कास्पार येऊन गेला की यायचा तसा."

"आठ वर्षं झाली त्याला जाऊन."

"मला माहितीये. मी केक खाल्ला होता त्याच्या मर्तिकाचा. चांगला होता. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात." आणि कप ठेवून गेली. वास वाटीचाच असणार. मी वाटी झाकून ठेवली.

दुसऱ्या सकाळी धार पुन्हा गेलेली. तेवढ्याच जागी. या वेळी मी भिंग घेतलं. गंजाने गेलेली धार खवलेदार दिसते. ही तशी नव्हती. ही वापराने गेली होती, आणि पात्याच्या एकाच अंगाने, डाव्या हाताने वापरल्यावर जाते तशी. मुठीच्या खाचेत पांढरं काहीतरी वाळलं होतं. नखाने काढलं. साबण होता, आणि त्यात एक खुंट.

"लीना, तू खणातला वस्तरा घेतलास?"

"कशाला घेऊ? मला दाढी नाही, देवाची कृपा."

"पायाची कुरूपं कापायला घेतेस कधी कधी."

"तुझा घेते. लोकांचा नाही." ती खरंच रागावली.

मी धार लावली, खणाला कुलूप घातलं, किल्ली जाकिटाच्या खिशात ठेवली. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं, आणि कागदही माझ्याच घडीने गुंडाळलेला. मुठीकडे केस तुटला नाही. हे मी आहे तसं सांगतो आहे. माझा यातल्या कशावर विश्वास नव्हता, आणि मला भीती वाटत होती.

शुक्रवारी हेडविग वस्तरा न्यायला आली. केस धुतले होते, निळा झगा इस्त्री केलेला. मी तिला बसवलं.

"हेडविग, ही वाटी कुणाची?"

"आर्तुरची. नाव आहे की तिच्यावर."

"तो गेल्यावर कोण वापरत होतं?"

"कोण वापरणार? सासऱ्यांची त्यांच्या हातून फुटली, तेव्हापासून ते..." तिचे हात मांडीवर होते ते तिथेच राहिले. "पण त्याने काय होतं, काका? वाटीच ना ती?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वस्तऱ्याकडे. आमच्या गावातल्या बायकांना पोलादातलं आणि रीतीतलं बरंच कळतं.

"मला दुसरं काही नको," ती हळू आवाजात म्हणाली. "मला तो परत हवाय, काका. तोच. ती टकटक त्या घरात पुन्हा नको. मी आता नाही सहन करू शकणार."

"तो घरी आला की त्याच्या जबड्यावर हात फिरवून दुसरा करून देतो. हा राहू दे."

"त्याला पत्रात कळवलंय मी, नवा वस्तरा वाट बघतोय म्हणून. रिकामा आरसा दाखवू त्याला?"

मग मी आमच्या धंद्यातला शेवटचा उपाय केला. तिच्यादेखत बाटलीच्या काचेवरून पात्याची कड सरळ ओढली. याला आम्ही धार मारणं म्हणतो. असेल नसेल ती सगळी जाते आणि पातं पुन्हा कारखान्यातून आल्यासारखं कोरं होतं. वाटी उकळत्या पाण्याने घासली, दगड घासला, पाणी बदलून घेतलं. मग नुसत्या पाण्यावर, कुणाचीही दाढी मनात न धरता, अंधारात चालावं तशी मी ती धार लावली. "उद्या सकाळी ने," मी तिला सांगितलं.

शनिवारी सकाळी केस लावला. मुठीशी तुटला. मध्ये तुटला. टोकाशी तुटला. लीनाने मला शिट्टी वाजवताना पकडलं आणि विचारलं, लॉटरी लागली का. हेडविग वस्तरा घेऊन स्टेशनवरच गेली, आम्हीही मागोमाग गेलो. चर्चच्या घंटा वाजत होत्या. आर्तुर उतरला तो निम्मा झाला होता, गालावर पिवळट, विरळ, मऊ दाढी. हेडविग त्याला धरून रडली आणि मग हसली. मोठ्याने हसली.

"एवाल्डकाका!" त्याने उजवा हात पुढे केला. "तुमचे उरलेले केसही रशियनांनी नेले की काय?"

तोच होता. थट्टेखोर.

रविवारी दुपारी हेडविगने आम्हाला कॉफीला बोलावलं. दुधातला भात, साखर-दालचिनी, वाफाळते वॉफल, मधोमध मोठ्या पोटाची जस्ताची किटली. लीनाने येताना वेटोळ्याचा पाव आणला होता. आर्तुर टेबलाच्या टोकाशी बसला होता. दाढी केलेली. चेहरा स्वच्छ.

"मग? कसा चालला वस्तरा?" मी विचारलं.

"उत्तम," तो म्हणाला.

एवढंच. हेडविग आपल्या बशीकडे बघत होती. तिच्या वॉफलला हातही लावलेला नव्हता.

लीना पावाबद्दल काही बोलू लागली. आर्तुरने कप उचलला. डाव्या हाताने.

प्रवासात उजवा हात दुखावला असेल, मी मनाशी म्हटलं.

त्याने कॉफी पिण्यासाठी मान वळवली आणि उजेड त्याच्या उजव्या गालावर पडला. सगळा गाल तुळतुळीत. फक्त जबड्याच्या कडेला खुंटांचं एक कडं. हरभऱ्याएवढं, गोल. पातं त्याच्याभोवतीने जपून वळवलेलं दिसत होतं. मधल्या कातडीवर काहीही नव्हतं.

"आर्तुर," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला. "इथे थोडं राहिलंय रे. दे, मी साफ करतो."

त्याने डाव्या अंगठ्याने ती जागा चाचपली.

"राहू दे ते, एवाल्ड," तो म्हणाला. "तिथं लागलं की रक्त थांबत नाही."

लीनाचा चमचा बशीत पडला.

मग त्याने आमच्यापैकी कुणाकडेही न बघता टेबलावर बोटांची पेरं दोनदा आपटली.

हेडविग किटली घेऊन आधीच उभी राहिली होती.